वही कपाटावरून खाली काढा

वाचकाचं पत्र:

मी सहकारनगरला राहते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जवळजवळ तीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करत आले. आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही, गृहप्रवेश अमावास्येला झाला. आई मात्र भुताच्या गोष्टी फार रंगवून सांगायची. तेवढा वेळ अण्णा बाल्कनीत जाऊन बसायचे. गेल्या भाद्रपदात आई गेली. माझी लेक बारा वर्षांची आहे, सातवीत. तेव्हापासून ती लायब्ररीतून भुताखेतांच्या पुस्तकांशिवाय काही आणत नाही. गेल्या महिन्यात तिने स्वतःच एक गोष्ट लिहिली. तीत आजी रात्री स्वयंपाकघरात येते, डबे हलवते आणि आपला चष्मा शोधते. अण्णांनी ती वाचली, वही मिटली, कपाटावर ठेवली आणि म्हणाले, "या घरात हे नको." लेक रडली. आता दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. हे वाचन बंद करू का? आणि एवढं शिकूनसवरून माणसांना भुताच्या गोष्टी आवडतात तरी का, हे मला खरंच समजून घ्यायचंय.
– एक आई

प्रिय ताई,

आधी ती वही कपाटावरून खाली काढा आणि लेकीच्या हातात द्या. बाकीचं त्यानंतर बोलू. आजी गेल्यावर त्या मुलीने पहिल्यांदा काही लिहिलं आणि ते तिचा हात पोचणार नाही अशा जागी जाऊन बसलं. याचा ती आपल्या परीने काहीतरी अर्थ लावत असणार. तो अर्थ तिच्या मनात मुरू देऊ नका.

वाचन बंद करू नका. उलट, घरात कुणीतरी तिच्याबरोबर ते वाचायला हवं. शक्य झालं तर ते अण्णांनीच वाचावं असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगण्यासाठीच हे लांबलचक उत्तर लिहितेय.

मी अण्णांच्या बाजूची आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. माझं माहेर त्याच नदीकाठचं. आजही त्या पुलावरून जाताना माझी पावलं मंदावतात. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्यामागे किती माणसांची किती वर्षं गेली, हे तुमच्या अण्णांसारख्यांनाच ठाऊक. अशा माणसाने आपल्याच घरात, आपल्याच नातीच्या अक्षरात भूत पाहिलं तर त्याच्या पोटात कालवाकालव होणारच. त्यांना हट्टी म्हणू नका, लेकीलाही म्हणू देऊ नका.

पण त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद कशाची आहे ते अण्णांना तोंडपाठ असेल. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने, साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. गुन्हा ठरला तो हा. पारावर बसून मुंज्याची गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला त्या कायद्याने हात लावलेला नाही, आणि लढणाऱ्यांनाही तो लावायचा नव्हता. मांत्रिक आणि गोष्ट सांगणारा, दोघंही भुताचं नाव घेतात, पण मांत्रिकाचं काम तुम्ही उठून घरी गेल्यावर सुरू होतं. तुम्ही घाबरलेले राहायला हवेत, उद्या परत यायला हवेत, अंगठी विकायला हवी. गोष्ट सांगणाऱ्याला तुमच्याकडून काहीच नको असतं. दिवा लागला की त्याचं काम झालं.

कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ साली एक शब्दप्रयोग केला, तो आज नाटक-सिनेमाच्या चर्चेत सारखा येतो. अविश्वास आपणहून, तेवढ्यापुरता बाजूला ठेवणं. तो हे कशाबद्दल म्हणाला होता ते मात्र क्वचितच सांगितलं जातं. अमानवी, अद्भुत पात्रं असलेल्या कविता आपण कशा लिहायच्या ठरवल्या, हे तो सांगत होता. म्हणजे ही कल्पना भुताखेतांच्या वाटेनेच आली. देवळाबाहेर चपला काढून ठेवाव्यात तसा अविश्वास दाराशी काढायचा आणि निघताना पायात सरकवून घरी जायचं. ज्यांचा भुतांवर मनापासून विश्वास असतो त्यांना मी जवळून पाहिलंय. ती माणसं रात्री भुताच्या गोष्टी ऐकत नाहीत. विषय निघाला की ती उठून जातात किंवा "नाव काढू नका" म्हणतात. मजा येते ती घरी चपला घालून जाणाऱ्यांना. तुमची लेक या घरात वाढली, म्हणूनच ती एवढ्या मोकळेपणाने भूत लिहू शकते.

अण्णांना आणखी एका माणसाची आठवण करून द्या. रत्नाकर मतकरींनी आयुष्यभर गूढकथा लिहिल्या. तेच मतकरी नर्मदा आंदोलनाच्या बाजूने उभे राहिले, 'निर्भय बनो' म्हणणाऱ्यांत होते. मुलांच्या रंगभूमीवर त्यांनी अशी चेटकीण आणली की मुलं आईच्या मांडीत तोंड खुपसायची आणि बोटांच्या फटीतून बघत राहायची. त्या फटीकडे मी फार आदराने बघते. किती घाबरायचं हे तिथे मूल स्वतः ठरवतं. बोटं थोडी उघडायची, थोडी मिटायची. पुस्तकाचंही तसंच. पान बोटात धरून ठेवता येतं, मिटता येतं, उद्या दुपारच्या उन्हात पुन्हा उघडता येतं. आजीच्या आजारपणात, दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत तुमच्या लेकीच्या हातात यातलं काहीच नव्हतं. भीती तिथेही होती आणि ती मिटता येत नव्हती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शिकलेल्या माणसांना हे का आवडतं.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. पंधरा बिऱ्हाडं, एक नळ, आणि संडास मागच्या अंगणाच्या टोकाला. वीज गेली की सगळी पोरं मधल्या चौकाच्या पायऱ्यांवर जमायची आणि कुणीतरी काकू सुरू करायच्या. हडळीचे उलटे पाय, तंबाखू मागणारा माणूस, रात्रभर चालवून पहाटे त्याच झाडाखाली आणून सोडणारा चकवा. गोष्ट संपली की संडासला जायला कुणी एकटं तयार नसे. चौघांची वरात कंदील घेऊन निघायची. आज इतक्या वर्षांनी मला त्यातली भुतं पुसट आठवतात, पण शेजारच्या मुलीचा घामेजलेला तळहात स्पष्ट आठवतो. एकट्याने भ्यायचं आणि दहाजणांनी मिळून भ्यायचं, यांत फार अंतर आहे.

जपानमध्ये एदो काळात लोकांनी याचा रीतसर खेळच केला होता. रात्री जमायचं, शंभर वाती लावायच्या, एकेकाने एकेक भुताची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक वात विझवायची. शेवटची विझली की काहीतरी येणार, असा समज. म्हणून म्हणे बरेचजण नव्व्याण्णव गोष्टींवर थांबायचे. मला ही शंभरावी न सांगितलेली गोष्ट फार आवडते. तिथपर्यंत सगळे मिळून जातात आणि तिथून सगळे मिळूनच परत येतात.

पण सोबतीची ऊब आणि अंगावरचा काटा यांतून गोष्ट चारदोन पिढ्या टिकेल, हजारो वर्षं टिकणार नाही. त्याखाली आणखी काहीतरी आहे, आणि आपल्या भाषेने ते फार पूर्वी ओळखून ठेवलंय. भूत म्हणजे होऊन गेलेलं. भूतकाळातलं भूत आणि पिंपळावरचं भूत, शब्द एकच.

आपल्याकडच्या भुतांची नावं एकदा नीट बघा. मुंजा कोण? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. अलवंतीण कोण? बाळंतपणात गेलेली बाई. कुणी पुरलेल्या धनापाशी अडकलेला, कुणी पाण्यात बुडालेला. म्हातारपणी, नातवंडं-पतवंडं बघून, झोपेत शांतपणे गेलेल्या माणसाचं भूत होत नाही. त्याला नावच नाही. भूत होतं ते ज्याचं काही अर्धं राहिलं त्याचं. लेकीला हे जरूर सांगा आणि तिला विचारायला लावा, की यांत बाया एवढ्या का? जिची सुटका होता होता जीव गेला, तिला गावाने मेल्यावर एवढं घाबरावं, यामागे काय असेल? ती जिवंत असताना तिच्या वाट्याला जे आलं ते त्या भीतीत कुठेतरी लपलेलं आहे. हा प्रश्न विचारायला शिकलेली मुलगी कुठल्याही बुवाच्या नादी लागणार नाही, याची मला खात्री आहे.

इथे मेरी शेलीची आठवण येते. तिला जन्म देऊन अकरा दिवसांत तिची आई गेली. ते साल १७९७. आपल्या गावातल्या बायकांनी त्या आईला कोणत्या नावाने ओळखलं असतं ते तुम्हाला वर कळलंच. पुढे १८१५ मध्ये मेरीचं स्वतःचं पहिलं मूल, अवेळी जन्मलेली मुलगी, काही दिवसांतच गेलं. काही दिवसांनी तिने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं. बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्याच उन्हाळ्यात, १८१६ साली, जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका घरात ती आणि तिची मित्रमंडळी पावसाने अडकून पडली. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने युरोपचा उन्हाळाच नाहीसा केला होता. वेळ घालवायला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. अठरा वर्षांच्या मेरीने मेलेल्याला जिवंत करणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली. दोनशे वर्षं झाली तरी 'फ्रॅंकन्स्टाइन' वाचलं जातंय. मला त्यात शेकोटीपाशी बाळाला चोळणारे हात दिसतात. तुमची लेक स्वयंपाकघरात चष्मा शोधणारी आजी लिहिते, तेव्हा तीही त्याच जागेवर उभी असते.

आणि आपलं पुणं? मी शनिवारवाड्यापासून दहा मिनिटांवर वाढले, "काका, मला वाचवा" ही हाक मी कधी ऐकली नाही, ऐकणार नाही. कुणी म्हणतं अमावास्येला येते, कुणी म्हणतं पौर्णिमेला, यावरूनच काय ते समजावं. पण ही हाक अडीचशे वर्षं सांगितली का जाते, याचा विचार मी पुष्कळ केलाय. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. अठरा वर्षांचे नारायणराव गारद्यांपुढे जीव घेऊन चुलत्याकडे पळाले आणि चुलत्याच्या समोर मारले गेले. रामशास्त्री प्रभुण्यांनी शोध घेतला, रघुनाथरावांना दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि रामशास्त्री स्वतः पुणं सोडून गेले. ते प्रायश्चित्त कधीच झालं नाही. रघुनाथराव पुढे दहा वर्षं जगले. राज्य गेलं, १८२८ साली वाडा जळाला, आत आता जोती उरलीत. न्याय सांगितला गेला पण झाला नाही, एवढी एकच गोष्ट जळायची राहिली, आणि लोकांनी तिला आवाज दिला. बखरी कितीजण वाचतात? हाक मात्र पेठेतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे.

हे जुनं आहे, फार जुनं. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळही घाबरवण्यापेक्षा न्यायाचे पेचच जास्त टाकतो. आणि एकोणीसशे वर्षांपूर्वी प्लिनी नावाच्या रोमन माणसाने एका मित्राला पत्रातून सांगितलेली गोष्ट तर मला खास अण्णांसाठी सांगायचीय. अथेन्समध्ये एक मोठं घर होतं. रात्री साखळ्यांचा खणखणाट व्हायचा, बेड्या घातलेला म्हातारा दिसायचा. घर ओस पडलं, भाडं उतरलं. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ आला. भाडं एवढं कमी कसं, याचाच त्याला संशय आला. चौकशी केली, सगळं कळलं, आणि त्याने ते घर मुद्दाम घेतलं. रात्री दिवा लावून लिहीत बसला, मन रिकामं राहिलं तर नसतं काही दिसेल म्हणून. म्हातारा आला, बोटाने बोलवायला लागला. याने हाताने 'थांब' अशी खूण केली आणि वाक्य पुरं केलं. मग दिवा उचलून त्याच्या मागे गेला. अंगणात एका जागी म्हातारा नाहीसा झाला. याने तिथे पाला टाकून खूण केली, सकाळी अधिकाऱ्यांना बोलावून खणायला लावलं. खाली साखळ्यांनी जखडलेली हाडं निघाली. त्यांचे रीतसर अंत्यविधी झाले आणि घर शांत झालं.

अथेनोडोरसने जे केलं ते कुणाचं काम आहे? घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, अशी बातमी आली की गावभर पळापळ होते आणि मग अंनिसचा, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, एखादा कार्यकर्ता पिशवी खांद्याला लावून तिथे जातो. रात्र काढतो, घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतो, पळत नाही. भानामती माणूसच करत असतो, हे तो जाणून असतो. आणि पुष्कळदा शेवटी तो पोचतो घरातल्या कुणातरी गांजलेल्या जीवापाशी, एखाद्या सुनेपाशी, एखाद्या पोरापाशी, जिचं किंवा ज्याचं म्हणणं घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं. अण्णांनी हे तीस वर्षं केलंय. चांगली भुताची गोष्टही तिथेच जाऊन थांबते. म्हणून मला वाटतं, नातीच्या गोष्टीचा अण्णांइतका चांगला वाचक या शहरात दुसरा मिळणार नाही.

माझ्या स्वतःच्या एका गोष्टीशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचा वाडा नदीच्या बाजूचा. सगळे धावत उंचावर गेलो. मागच्या खोलीत एक एकटे आजोबा राहायचे, घड्याळं दुरुस्त करायचे. लोकांची घड्याळं खोलीत राहिली म्हणून ते परत फिरले. ते नंतर आले नाहीत. पुढे चिखल उपसला, भिजलेल्या धान्याचा वास महिनाभर गेला नाही, वाडा पुन्हा उभा राहिला, आणि वर्षभराने वाड्यात गोष्ट सुरू झाली, की पावसाच्या रात्री मागच्या खोलीतून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज येतो. सांगायच्या त्या जिन्याजवळच्या काकू. दर जुलैत सांगायच्या. आजोबा भिंतीच्या ओलीतून येतात, दाराशी उभे राहतात आणि विचारतात, "पाणी ओसरलं का?" मग काकू म्हणतात, "हो, ओसरलं," आणि आजोबा जातात.

आम्ही पोरं थरथरत ऐकायचो. मी चाळिशी ओलांडल्यावर एकदा आईने सहज सांगितलं, की त्या दिवशी आजोबांना जिन्यावरून शेवटची हाक काकूंनीच मारली होती. ते "आलोच" म्हणाले, आणि काकू कडेवरचं पोर घेऊन थांबल्या नाहीत. थांबता आलंच नसतं. काकूंनी ही गोष्ट कुणाजवळ कधी बोलून दाखवली नाही. वीस-बावीस वर्षं त्या फक्त भुताची गोष्ट सांगत राहिल्या. त्यातला म्हातारा कधीही "मला टाकून का गेलात" असं विचारत नाही, हे माझ्या लक्षात यायला एवढी वर्षं लागली. आता मला कुणी विचारलं की भुताच्या गोष्टी का टिकतात, तर मला काकूंचा "हो, ओसरलं" म्हणतानाचा आवाज ऐकू येतो.

काही साध्या गोष्टी सांगते, कारण तुमच्या घरात रोजची रात्रही काढायचीय. वाचून झाल्यावर लेकीला पॅसेजमधला दिवा लागत असेल तर लावून ठेवा, त्यावरून चिडवू नका. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल" या जातीचं काहीही घरात कुणी बोलू नये. ती गोष्ट नसून धमकी आहे आणि तिच्याबाबतीत मी अण्णांपेक्षाही कडक आहे. पुण्यातल्या खऱ्या इमारतींची, बंगल्यांची नावं घेऊन "इथे भूत आहे" सांगणारे रील तिच्या मोबाइलवर आले तर तिच्याशी बसून बोला. त्या इमारतीत माणसं राहतात, त्यांच्या घराची भाडी उतरतात, एखाद्या कुटुंबाचं खरं दुःख लोकांचा तमाशा होतं. गोष्ट रचणारा 'ही गोष्ट आहे' हे लपवत नाही, ही खूण तिला पक्की शिकवा. आणि जर ती आठवडेन् आठवडे झोपत नसेल, एकटी खोलीत जातच नसेल, किंवा आजी खरोखर येते आणि बोलते असं सांगू लागली, तर वाट न बघता मुलांच्या समुपदेशकाकडे घेऊन जा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. डबे हलवणारी, चष्मा शोधणारी आजी लिहिणारी मुलगी आठवणींना जागा करून देतेय.

वाचायला काय द्यावं? नारायण धारप आपल्या पुण्याचेच. मराठी मध्यमवर्गीय घराचा जिना, माजघर, जुनं कपाट यांतून भीती उभी करण्यात त्यांचा हात कुणी धरलेला नाही. पण त्यांचं बरंचसं लेखन बारा वर्षांना जड जाईल, तुम्ही आधी वाचून निवडा. रक्तामांसाच्या वर्णनावर जगणारी पुस्तकं मला स्वतःला आवडत नाहीत, ती वाचून माणूस नुसता दचकतो. गोष्टीत भूत जितकं कमी दिसेल तितकं बरं. आणि गोष्टीतलं घर खरं असलं पाहिजे. नळ गळतो तो कसा, डब्यांची झाकणं कशी वाजतात, हे नीट लिहिलं असेल तरच तेराव्या पानावर वाजलेलं झाकण अंगावर येतं. तुमच्या लेकीने डबे लिहिलेत, म्हणजे तिला हे न शिकवताच कळलंय.

राहिले अण्णा. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते बाल्कनीने. आई गोष्ट सांगायच्या तेव्हा ते बाल्कनीत जाऊन बसायचे, असं तुम्ही लिहिलंय. बाल्कनीत आवाज येत असणार. इतकी वर्षं तिथे बसून त्यांनी त्या सगळ्या गोष्टी ऐकल्या असणार, कदाचित तुमच्यापेक्षाही त्यांना जास्त पाठ असतील. मेलेलं माणूस परत येत नाही, हे त्यांनी शेकडो गावांत सांगितलंय. ते खरंच आहे आणि ते खरं असणं गेल्या भाद्रपदापासून त्यांना किती जड जात असेल. बाकी कुणी निदान "ती इथेच कुठेतरी आहे" असं म्हणून अर्धी रात्र काढतो. अण्णा तेवढंही म्हणत नाहीत. मग नातीच्या वहीत ती स्वयंपाकघरात येते, डबे हलवते. "या घरात हे नको" यामागे मला विचारापेक्षा दुखणंच जास्त ऐकू आलं.

त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी, चहानंतर, लेकीला म्हणावं ती गोष्ट अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना उठून बाल्कनीत जायचं असेल तर जाऊ द्या, दार मात्र उघडं राहू द्या. त्यांना जिथे पटणार नाही तिथे ते बोलतील, चष्मा रात्री अंधारात शोधता कसा येईल असं काहीतरी विचारतील, आणि लेकीला उत्तर शोधावं लागेल. तसंच व्हायला हवं.

आणि एक. तुमच्या आईंचा चष्मा आत्ता कुठे आहे, हे अण्णांना एकदा हळूच विचारा. मला वाटतं, त्यांना ठाऊक असेल.